वाळवंटातली पाणपोई

बार्शीच्या मार्केट यार्डात आमच्या आडतीच्या दुकानासमोर दर वर्षी गुढीपाडव्याला पाणपोई सुरू होते आणि मृगाचा पहिला पाऊस पडेपर्यंत चालते. ती आजोबांनी सुरू केली. तेव्हा चार रांजण असत, त्यांना ओले गोणपाट गुंडाळलेले असे आणि पाणी गाळून भरण्याचे काम घरातल्या मुलांकडे असे. हमाल, तोलार, गाडीवान, माल घेऊन आलेले शेतकरी, सगळे तेथे थांबून पाणी पीत. ‘हे पाणी देणारे घर आहे,’ असे आमच्याविषयी बाजारात बोलले जाई आणि ते वाक्य आमच्या घरात दागिन्यासारखे जपले गेले. मीही ते जपले. तीन वर्षांपूर्वी, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, दुसऱ्या कोणी चालवलेल्या पाणपोईसमोर मी प्रथमच पाणी घेणारा म्हणून उभा राहिलो. त्या दिवशी माझ्या हातून जे घडले, ते सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

माझी मुलगी टूसॉन शहरात शिकली आणि तेथेच नोकरीला लागली. एक नोकरी सोडून दुसरी धरण्यापूर्वी तिला दोन महिने मोकळे मिळणार होते आणि त्या काळात तिला ‘ॲरिझोना ट्रेल’ ही पायवाट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायची होती. ही वाट मेक्सिकोच्या सीमेवर सुरू होते आणि उत्तरेला यूटा राज्याच्या सीमेवर संपते. लांबी सुमारे 800 मैल, म्हणजे जवळजवळ 1,290 किलोमीटर. फ्लॅगस्टाफ गावचे शिक्षक डेल श्यूवॉल्टर यांना ती सुचली. 2009 मध्ये तिला राष्ट्रीय निसर्गवाटेचा दर्जा मिळाला आणि 2011 च्या अखेरीस तिचा शेवटचा तुकडा जोडला गेला.

‘एकटी जाऊ नकोस,’ असे तिच्या आईने फोनवर निक्षून सांगितले. ‘मग पप्पा, तुम्ही या माझ्याबरोबर,’ ती थट्टेने म्हणाली. ती थट्टा मी मनावर घेतली. धाकट्या भावाने दुकान सांभाळण्याचे कबूल केले. साधू-साध्वींच्या विहारात मी अनेकदा पंधरा-वीस किलोमीटर चाललो होतो, त्यामुळे पायांची काळजी नव्हती. परंतु विहारात श्रावकाच्या पाठीवर ओझे नसते आणि पुढच्या गावी जेवण तयार असते. येथे घर, स्वयंपाकघर आणि विहीर ही तिन्ही पाठीवर वाहायची होती. म्हणून सहा महिने मी रोज पहाटे दहा किलो तूरडाळ पिशवीत बांधून कुर्डुवाडी रस्त्याने चालत असे. ओळखीची माणसे स्कूटर थांबवून विचारीत, ‘शेठ, डाळ पोचवायला गाडी मिळाली नाही का?’

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही सीमेवरच्या 102 क्रमांकाच्या दगडी स्तंभाला हात लावून निघालो.

वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाळूच्या टेकड्या आणि उंट उभे राहतात. आमच्या वाटेवर तसे काहीच नव्हते. खडक, काटेरी झुडपे, कोरडे ओढे आणि मधूनच एकदम वर उठलेले डोंगर, असा तो प्रदेश आहे. या डोंगरांना तिकडे ‘आकाशातली बेटे’ म्हणतात. माथ्यावर पाइनचे जंगल आणि मार्चमध्येही बर्फ, पायथ्याशी निवडुंग. दोन दिवसांच्या चालीत माणूस हिमालयातून मारवाडात उतरतो. खालच्या भागात सग्वारो नावाचे उंच निवडुंग पहारेकऱ्यांसारखे उभे असतात. त्यांच्या खोडाला उभ्या चुण्या असतात. पाऊस पडला की खोड पाणी ओढून घेते आणि चुण्या उलगडतात, दुष्काळ आला की त्या पुन्हा मिटतात. हे झाड इतके सावकाश वाढते की त्याला पहिला हात फुटायला बहुधा पन्नास-पाऊणशे वर्षे लागतात. मी स्वतःला ज्येष्ठ समजत होतो, पण कित्येक सग्वारोंच्या मानाने माझी अजून फांदीही फुटलेली नव्हती.

आमचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होई. रात्री थंडी इतकी पडे की तंबूच्या कापडावर आतून दव जमे. उठल्यावर पहिले काम म्हणजे बूट उलटे करून झटकणे, कारण रात्री विंचू आत शिरण्याचा संभव असतो. नवकार म्हणून होईपर्यंत लेक तंबू गुंडाळून ठेवी. उजाडेपर्यंत तासभर चाल होई. सूर्य पूर्ण वर आल्यानंतर एखाद्या खडकावर बसून आम्ही न्याहारी करीत असू. राजगिऱ्याचा लाडू, खाखरा आणि गुळाचा खडा. बारापर्यंत जेवढे अंतर कापता येईल तेवढे कापायचे, आणि मग मेस्किटच्या झाडाची किंवा रस्त्याखालच्या मोरीची सावली गाठून तीन तास स्वस्थ पडायचे. मेस्किट हे आपल्याकडच्या वेड्या बाभळीचे भाईबंद; तिची सावली चाळणीसारखी, तरीही त्या सावलीत मला रोजचे सामायिक करता येई. ऊन कलले की पुन्हा दोन-तीन तास चाल, आणि सूर्यास्तापूर्वी जेवण. त्यात कसलीही अडचण आली नाही, कारण अंधार पडल्यावर स्वयंपाक करण्याचे त्राणच उरत नसे. एरवी मी चौविहार करतो. या प्रवासापुरता तिविहार ठेवला होता, रात्री पाणी लागले तर असावे म्हणून. कांदा, लसूण आणि बटाटा नसलेले तयार अन्न तिकडे मिळणे अवघड, म्हणून मुलीच्या आईने भाजलेल्या मूगडाळीची खिचडी, पोहे आणि सातूचे पीठ यांची पाकिटे करून दिली होती. ती खोक्यांत भरून आम्ही वाटेवरच्या गावांतील टपाल कार्यालयांत आधीच पाठवली होती. पॅटागोनिया, ऑरेकल, पाइन अशी ती लहान लहान गावे. चार-सहा दिवसांनी गाव आले की खोके सोडवायचे, अंघोळ करायची, कपडे धुवायचे आणि पुन्हा वाटेला लागायचे.

दुसऱ्या आठवड्यातली एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. चोया नावाचा एक निवडुंग असतो. त्याचे काटेरी गोळे नुसता स्पर्श होताच झाडापासून सुटून माणसाला चिकटतात. असा एक गोळा माझ्या पोटरीला लागला. हाताने काढू गेलो तर हाताला लागला. लेक घाबरली. तेवढ्यात मागून चंदेरी रंगाची छत्री घेतलेली एक वयस्क बाई आली. सत्तरीला टेकलेली, एकटीच चालणारी, निवृत्त शिक्षिका. तिने काही न बोलता खिशातून एक साधी फणी काढली, गोळ्याखाली घातली आणि एका झटक्यात तो दूर उडवला. उरलेले काटे तिने चिमट्याने एकेक करून उपटले. त्यात अर्धा तास गेला. निघताना ती फणी तिने माझ्या हातावर ठेवली. ‘माझ्याजवळ आणखी एक आहे,’ असे म्हणाली. पुढे ती कधी आमच्या मागे, कधी पुढे असे आणि गावात भेट झाली की हसून पायाची चौकशी करी.

आता पाण्याविषयी. या वाटेवरचे सारे जीवन पाण्याभोवती फिरते. वाहता ओढा क्वचितच भेटतो. बहुतेक ठिकाणी पशुपालकांनी गुरांसाठी केलेली डबकी आणि लोखंडी टाक्या असतात. पाणी कधी हिरवे, कधी चिखलाच्या रंगाचे. भोवती मधमाश्यांचा घोंगाट आणि गुरांच्या खुरांनी तुडवलेला चिखल. कोणत्या टाकीत पाणी आहे, कोणती आटली, याच्या नोंदी चालणारी माणसे फोनवरच्या नकाशात मागच्यांसाठी लिहून ठेवतात. त्या नोंदी वाचल्याशिवाय लेक एक पाऊल टाकीत नसे.

डबक्यातले पाणी मी प्रथम दुहेरी कापडातून गाळून घेई आणि मग ते बारीक नळ्यांच्या गाळणयंत्रातून जाई. कापडाला लागलेले सूक्ष्म जीव त्याच डबक्यात हलकेच परत सोडायचे, ही आईने लावलेली सवय. लेक सुरुवातीला हसली. पण कापडातून न गाळलेल्या पाण्याने इतरांची यंत्रे तुंबलेली पाहिल्यावर तिने आपल्या ओढणीचे दोन तुकडे केले.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. त्याला काटा लावावा लागत नाही, खांदे लगेच सांगतात. एका लिटरमध्ये सहा ते आठ किलोमीटर चाल होते, स्वयंपाकाला आणखी एक लिटर. म्हणजे पाणी जास्त घेतले तर चाल मंदावते आणि मंद चालीला पुन्हा जास्त पाणी लागते. कमी घेतले तर काय होते, ते सांगायला नको. माझा स्वभाव आडत्याचा. खिशात एक लहान वही ठेवली होती आणि तिच्यात रोजमेळ मांडत असे. डाव्या बाजूला जमा, म्हणजे भरलेले पाणी, उजव्या बाजूला खर्च, प्यायलेले आणि स्वयंपाकाला लागलेले, खाली शिल्लक. रोज संध्याकाळी मेळ बसला की समाधान वाटे. लेक म्हणे, ‘पप्पा, येथे तरी दुकान बंद ठेवा.’

ऑरेकल गावापासून गिला नदीपर्यंतचा टप्पा सुमारे 90 किलोमीटरचा आणि मोठा कोरडा. त्यात कायम वाहणारे पाणी नाही. गुरांच्या टाक्या आहेत, पण त्या भरलेल्या असतीलच याचा भरवसा नाही. या टप्प्यात एका कच्च्या रस्त्याच्या कडेला एक लोखंडी पेटी ठेवलेली आहे. वाटेवर प्रेम करणारी माणसे गाडीतून येऊन तिच्यात पाण्याचे कॅन ठेवून जातात. एका कॅनमध्ये एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास पाणी. कोणी राखण नाही, कोणी मोजत नाही. झाकणाच्या आतल्या बाजूस फक्त एक चिठ्ठी चिकटवलेली: लागेल तेवढेच घ्या, मागून येणाऱ्यांचा विचार करा.

ती पेटी दिसली आणि मला आजोबांचे रांजण आठवले. ही तर पाणपोईच! सात समुद्रांपलीकडे, माणूस नसलेल्या रानात, न पाहिलेल्या तहानेसाठी कोणीतरी पाणी भरून ठेवले होते. माझे डोळे भरून आले. त्या भरल्या डोळ्यांनीच मी पुढचे कृत्य केले.

सकाळचे अकरा वाजले होते. ऊन तीस अंशांच्या पुढे गेले होते. पेटीत एक भरलेला कॅन आणि एक अर्धा होता, म्हणजे एकूण साडेपाच लिटरच्या सुमारास. लेकीजवळ एक लिटर शिल्लक होते, माझ्याजवळ अर्धा. पुढची टाकी चौदा किलोमीटरवर. लेकीने एक लिटर घेतले आणि कॅन माझ्याकडे सरकवला. मी माझी एक बाटली भरली. मग दुसरी. मग तिसरी, आणि मग चौथी.

‘पप्पा, टाकी भरलेली आहे. कालचीच नोंद आहे,’ ती म्हणाली.

‘बेटा, कालची नोंद म्हणजे आजचा माल नव्हे.’

‘पण मागून कोणी आले तर?’

‘मागच्यांसाठी कोणीतरी आणून ठेवील. शिल्लक हाताशी असलेली बरी.’

ती काही बोलली नाही. कॅनच्या तळाशी अर्धा लिटर राहिले होते. मी झाकण लावले, कॅन जागेवर ठेवला आणि पेटी नीट बंद केली. पेटी नीट बंद केल्याचेही मला त्या वेळी समाधान वाटले होते, हे आज लिहिताना लाज वाटते.

साडेचारला टाकी आली. काठोकाठ भरलेली, आणि पाणी गार. माझ्याजवळ दोन लिटर उरले होते, उन्हाने तापलेले, प्लास्टिकचा वास येणारे. गार पाणी समोर असताना ते कोण पिणार? मी दोन्ही बाटल्या जवळच्या मेस्किटच्या मुळाशी रिकाम्या केल्या. वाया नाही घालवले, झाडाला घातले, अशी मनाची समजूतही घातली. पाण्याजवळ मुक्काम करायचा नसतो, कारण रात्री रानातली जनावरे तेथे येतात. माणूस दिसला तर ती तहानलेलीच परततात. म्हणून पाणी भरून आम्ही आणखी तीन किलोमीटर पुढे जाऊन तंबू लावला. संध्याकाळी वहीत लिहिले: खर्च अडीच लिटर, झाडास दोन लिटर. मेळ बसला.

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना आम्ही गिला नदीवर पोचलो. नदी गाळाने तपकिरी, पण तीन आठवड्यांत एवढे वाहते पाणी आम्ही पाहिले नव्हते. काठच्या सावलीत पाय पसरून बसलो असताना चंदेरी छत्री येताना दिसली. बाई नेहमीप्रमाणे हसली, पण बसली ती जवळजवळ कोसळल्यासारखी. ओठ फुटले होते. लेकीने विचारले तेव्हा तिने सांगितले. ती पेटीजवळ पोचली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. जवळचे पाणी संपत आले होते आणि पेटीत जेमतेम अर्धा लिटर होते. तेवढ्यावर भर उन्हात चौदा किलोमीटर चालणे शक्य नव्हते. म्हणून पेटीच्या वीतभर सावलीत ती सूर्य मावळेपर्यंत बसून राहिली आणि मग डोक्यावरच्या दिव्याच्या उजेडात चालली. दोनदा चक्कर आली, दोनदा खाली बसली. टाकीपाशी पोचायला रात्रीचे अकरा वाजले.

हे सगळे तिने रेल्वेला उशीर झाल्याचे सांगावे तशा स्वरात सांगितले. शेवटी म्हणाली, ‘माझ्या पुढे कोणीतरी घाबरलेला माणूस होता. फार घाबरलेला असावा बिचारा.’

‘स्वार्थी’ असे ती म्हणाली असती तर कदाचित मी गप्प राहिलो असतो. स्वार्थी हा शब्द आपल्याला लागू नाही, असे स्वतःला पटवणे सोपे असते. पण ‘घाबरलेला’ हा शब्द माझ्या नेमका वर्मी बसला. चार बाटल्या भरताना माझ्या मनात काय होते, ते मला ठाऊक होते. लेक माझ्याकडे पाहत नव्हती. ती बुटांच्या नाड्या सोडत होती आणि मुद्दाम खूप वेळ लावत होती.

माझे इंग्रजी बाजारापुरते आहे. तरी मीच बोललो, लेकीला दुभाषी केले नाही. तो माणूस मी होतो, हे सांगितले. किती घेतले ते सांगितले. किती उरले ते सांगितले. उरलेले झाडाला घातले, हेही सांगितले, कारण अर्धा कबुलीजबाब म्हणजे दुसरी लबाडी झाली असती. मग हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हटले आणि त्याचा अर्थ मोडक्यातोडक्या शब्दांत समजावला. संवत्सरीला मी हे शब्द शेकडो माणसांना म्हणतो, फोनवर पाठवतोही. पण ज्याचे नेमके काय बिघडवले ते लिटरमध्ये ठाऊक आहे, अशा माणसासमोर ते म्हणण्याची माझी ती पहिलीच वेळ.

ती थोडा वेळ नदीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, ‘चूक माझीही आहे. दुसऱ्याने ठेवलेल्या पाण्यावर आपला हिशेब मांडायचा नसतो. ही वाट चालणाऱ्यांचा तो जुना नियम आहे, आणि मी तो मोडला.’ तिने अर्धा दोष स्वतःकडे घेतला. त्याने माझे ओझे हलके झाले नाही, वाढलेच. व्यापाऱ्याचा हात अशा वेळी खिशाकडे जातो. काही भरपाई द्यावी, काही विकत घेऊन द्यावे, म्हणजे खाते मिटले. पण तेथे विकत घेण्यासारखे काही नव्हते, आणि असते तरी त्याने खाते मिटले नसते.

तिने आपल्या चार रिकाम्या बाटल्या माझ्यापुढे ठेवल्या. ‘आज माझे हात दुखताहेत. माझे पाणी तुम्ही गाळून द्याल?’

गिलाचे पाणी गाळणे हे सोपे काम नाही. गाळाने यंत्र लगेच तुंबते. आधी भांड्यात पाणी भरून गाळ खाली बसू द्यायचा, वरचे पाणी अलगद दुसऱ्या भांड्यात घ्यायचे, मग दुहेरी कापड, आणि मग यंत्र. तेही मधून मधून उलट बाजूने स्वच्छ पाणी सोडून धुवावे लागते. चार लिटरला दीड तास लागला. दर वेळी मी कापड नदीच्या कडेला नेऊन पाण्यात हलकेच बुडवत होतो. तिने विचारले, ‘हे कशासाठी?’ मी म्हणालो, ‘यात जे जीव अडकले असतील ते ज्या पाण्यातले, त्याच पाण्यात परत जावेत म्हणून.’ तिने मान हलवली. मी पुढच्या भांड्याकडे वळलो. डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवाची काळजी घेणाऱ्या माझ्या हातांनी, तीन तास मागून येणाऱ्या आणि ओळखीच्या माणसाची काळजी घेतली नव्हती. हे ती म्हणाली नाही. तिला म्हणावे लागले नाही.

त्या रात्री मी वही काढली. आदल्या दिवशीचे पान उघडले आणि ‘झाडास दोन लिटर’ ही ओळ खोडली. रोजमेळात खोडाखोड करू नये, असे आमचे जुने दिवाणजी सांगत, पण खोटी नोंद ठेवू नये, असेही तेच सांगत. त्या दोन लिटरसाठी मी तिच्या नावाचे वेगळे खाते उघडले आणि तेवढे पाणी तिचे देणे म्हणून मांडले. लेकीने दिवा माझ्या वहीवर धरला होता. पान वाचून ती एवढेच म्हणाली, ‘पप्पा, उद्यापासून किती घ्यायचे ते आपण दोघे मिळून ठरवू.’

तसेच झाले. प्रत्येक पाण्यापाशी आम्ही पुढचे अंतर, ऊन आणि चढ पाहून आकडा ठरवायचो, त्यावर अर्धा लिटर अडीअडचणीसाठी धरायचो, आणि बाकीच्या बाटल्या रिकाम्याच ठेवायचो. पहिले काही दिवस त्या रिकाम्या बाटल्या मला भरलेल्यांपेक्षा जड वाटत. हळूहळू ती भीती विरली. गरज म्हणजे काय, हे मला तोवर ठाऊकच नव्हते. मला ठाऊक होती ती भीती. तिलाच मी तरतूद म्हणत आलो होतो. धान्याच्या धंद्यात साठा करणे गैर नाही, साठा नसता तर पावसाळ्यात बाजार चाललाच नसता. पण गोदामातली पोती मोजता येतात आणि मनातली भीती मोजता येत नाही. त्यामुळे किती साठा गरजेसाठी आणि किती भीतीपोटी, हा हिशेब मी दुकानात बसून कधी केलाच नव्हता. तो मला पाठीवरच्या चार बाटल्यांनी करायला लावला. परिग्रहावरची व्याख्याने मी पुष्कळ ऐकली आहेत. खांद्यांना कळले ते मात्र तेव्हा.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. डोंगररांगा ओलांडून आम्ही मोगोयॉन नावाच्या उंच कड्यावर चढलो आणि निवडुंग मागे पडून पाइनचे रान लागले. ग्रँड कॅन्यनमध्ये एका काठाने उतरून, कोलोराडो नदी ओलांडून दुसऱ्या काठाने वर आलो. अठ्ठावन्नाव्या दिवशी यूटाची सीमा आली. लेक रडली, मीही रडलो, आणि मग दोघांनी बसून शेवटचा खाखरा अर्धा अर्धा खाल्ला. छत्रीवाल्या बाई आमच्या मागे चार दिवसांच्या अंतराने पोचल्या. त्यांचा फोटो लेकीकडे आला; तो माझ्या वहीत चिकटवलेला आहे.

मे महिन्याच्या मध्यावर मी बार्शीला परतलो. पाणपोई नेहमीप्रमाणे चालू होती. आता रांजणांच्या जागी थंड पाण्याचे जार आले आहेत. वर वडिलांनी लावलेली जुनी पाटी अजून आहे: ‘पाणी प्यावे, भरून नेऊ नये.’ दुसऱ्याच दिवशी दुपारी एक हमाल तेथे दोन मोठ्या बाटल्या भरताना दिसला. पाणपोईवरचा मुलगा त्याला पाटी दाखवून हटकू लागला. पूर्वी मीच गादीवरून ओरडलो असतो, ओरडलोही आहे. त्या दिवशी मी उठून जवळ गेलो आणि विचारले, ‘बाबा रे, कुठे निघालास?’

तो म्हणाला, ‘शेठ, ट्रक खाली करायला चाललोय. तिथं पाणी नसतं. आणि परत येईपर्यंत तुमची पाणपोई बंद होती.’

आमची पाणपोई दुकानाच्या वेळेत चालत असे. संध्याकाळी सातला शटर खाली आले की जार आत जात. तीन पिढ्या आम्ही पाणी देत होतो, पण ते कधी मिळणार नाही याची भीतीही आम्हीच देत होतो, हे आमच्या ध्यानात आले नव्हते. पुढ्यात पाणी असूनही माणूस जास्त का भरून घेतो, हे ॲरिझोनातल्या पेटीपाशी मी स्वतः होऊन पाहिले होते. पुढच्या वेळी पाणी असेल, याची खात्री नसते म्हणून.

त्या दिवसापासून दुकान बंद झाल्यावरही दोन जार बाहेर असतात आणि रात्री उशिरा येणाऱ्या गाड्यांसाठी दिवा चालू असतो. पाटी उतरवून ठेवली. सुरुवातीला भाऊ म्हणाला, ‘दादा, लोक जार संपवून टाकतील.’ पहिले आठ-दहा दिवस खरोखरच संपवले. मग हळूहळू बाटल्या भरून नेणे कमी झाले. आता सकाळी जारच्या तळाशी थोडे पाणी उरलेले असते. कोणी ठेवून जाते, की लागत नाही म्हणून उरते, ते मला सांगता येणार नाही. पण ते उरलेले पाणी पाहिले की मला बरे वाटते.

वही अजून गल्ल्याशेजारी असते. दिवाळीला आम्ही जुनी खाती मिटवून नव्या वह्यांचे पूजन करतो. ते दोन लिटरचे खाते मात्र दर वर्षी पुढच्या वहीत ओढतो. ते मिटवण्याची मला घाई नाही.